टपावरचा १२ व्होल्टचा पंखा: व्हॅनमध्ये अख्खा उन्हाळा काढल्यानंतर

व्हॅनमध्ये राहून उन्हाळा काढायचा असेल तर टपावरचा पंखा घ्याच, असं माझं आता ठाम मत आहे. फक्त त्याच्याकडून नेमकं काय मिळतं हे समजून घ्या, म्हणजे तो लावूनही रात्रभर उकडतंय अशी वेळ येणार नाही.

माझा पंखा १४ इंच चौरस भोकात बसतो. मॅक्सएअर, डोमेटिक यांचे पंखेही याच मापात मिळतात, त्यामुळे पुढेमागे बदलायचा झाला तरी टप पुन्हा कापावा लागत नाही. तो दोन्ही दिशांना फिरतो: हवा आत घेतो किंवा बाहेर फेकतो. मी जवळजवळ कायम बाहेर फेकण्यावरच ठेवते. गरम हवा वर चढून टपाखाली साचते आणि तिथूनच ओढली जाते. तिच्या जागी यायला हवा मात्र कुठून घ्यायची, हे आपण ठरवायचं. सावलीच्या बाजूची, पंख्यापासून सगळ्यात लांबची एकच खिडकी थोडीशी उघडावी आणि अंथरूण तिच्यापाशी घालावं. वारा थेट अंगावरून जातो. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या की पंख्याजवळचीच हवा आत येते, तशीच बाहेर जाते आणि झोपायच्या जागी काहीच हलत नाही. या एका खिडकीने जो फरक पडला, तो वेग वाढवून कधी पडला नाही.

वीज फार कमी लागते. पूर्ण वेगात माझा पंखा तीन अँपिअरच्या आसपास घेतो, पण रात्री मी एक अँपिअरच्या आतच चालवते. ८ तासांची झोप म्हणजे फार तर ८ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीला ते जाणवतही नाही. टपावरचा एसी १२०० ते १५०० वॅट ओढतो, म्हणजे तीच बॅटरी जेमतेम तासभर पुरेल.

आता मर्यादा. बाहेरच्या हवेपेक्षा आत गार होणं पंख्याने शक्य नाही. आतली जास्तीची उष्णता काढून टाकणं एवढंच त्याचं काम, म्हणून ती मुळात आत येऊच द्यायची नाही. भर दुपारी उन्हातून चौरस मीटरमागे साधारण १००० वॅट उष्णता येते. टप ६ चौरस मीटरचा धरला तर सहा हजार वॅट! पांढरा रंग त्यातली बरीचशी परतवतो, काळा जवळपास सगळी पिऊन टाकतो. सोलर पॅनल टपापासून थोडं उचलून बसवलं तर खाली सावली मिळते आणि पॅनलही कमी तापतं. तापलेलं पॅनल वीज कमी देतं. सगळ्यात दगाबाज पुढची मोठी काच. तिच्यावरचं झाकण बाहेरून लावा. आतून लावलं तर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि बरीच उष्णता आतच अडकते. चकचकीत फॉइलबद्दलही एक सांगायलाच हवं: पत्र्याला सपाट चिकटवली तर तिचा उपयोग संपतो, समोर हवेची फट असेल तरच ती उष्णता परतवते.

पारा ३५ अंशांच्या वर गेला की हवा त्वचेपेक्षा गरम होते. मग नुसत्या वाऱ्याने भागत नाही, घाम वाळला तरच अंग निवतं. कोरड्या हवेत मी ओला सुती कपडा घालून पंख्याच्या वाऱ्यात बसते. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं, हे काही थोडं नाही. दमट हवेत हा उपाय फसतो, उलट आत ओल वाढून जीव कोंदतो. अशा जागी गाडी हलवणं हाच खरा इलाज. १००० मीटर वर चढलं तर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि आपल्या घराला चाकं आहेत.

तक्रारी आहेत, पण किरकोळ. जाळीवर धूळ बसते आणि ओढ स्पष्ट कमी होते. ब्रशने झाडावी लागते. जोराच्या वाऱ्यात झाकण खडखडतं. आपोआप चालू-बंद करणारा सेन्सर टपालगतचं तापमान मोजतो, त्यामुळे खाली गार झाल्यावरही पंखा फिरत राहतो. मी ती सोय वापरणं सोडलं.

सुरक्षेचा एक मुद्दा मात्र कळकळीने सांगते. सगळ्या खिडक्या बंद ठेवून पंखा बाहेर फेकण्यावर चालवू नका. तो मिळेल त्या फटीतून हवा ओढतो, त्यात शेजारी चालू असलेल्या इंजिनाचा धूरही आला, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म हवाच. शेगडीही शक्यतो बाहेर पेटवा. एक बर्नर आत उष्णता आणि वाफ दोन्ही सोडतो.

एकट्याने किंवा दोघांनी राहायचं आणि गरज पडली तर जागा बदलायची तयारी असेल, तर हा पंखा पुरतो. सोबत तान्हं बाळ, म्हातारं माणूस किंवा कुत्रं-मांजर असेल आणि दमट प्रदेशात एकाच जागी मुक्काम असेल, तर पंख्यावर भिस्त ठेवू नका. एसीची आणि त्याला पुरेल अशा विजेची सोय आधी करा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून लाल झालं, तर पंख्यासमोर बसवून वाट पाहू नका. अंगावर भरपूर पाणी ओता आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.