‘तुमच्या देशातला खडा’ सांगून २,२४० पौंडांना गंडवलं

आकडा आधीच सांगते. समाजमाध्यमावरून ‘जमिनीत सापडलेलं अँग्लो-सॅक्सन’ म्हणून घेतलेल्या पेंडंटचे २,१५०, कुरिअर आणि विम्याचे ६५, ‘प्रमाणपत्रा’चे २५. एकूण २,२४० पौंड. हातात आलं काय, तर पितळेचं ओतीव पदक, वर सोन्याचा मुलामा आणि खड्यांच्या जागी लाल काच. आणि मी सराफाची मुलगी. माहेरी अजून सांगितलेलं नाही.

इथे इंग्लंडात राहणाऱ्यांना हे वेड ठाऊक आहे. मेटल डिटेक्टर घेऊन लोक नांगरलेली शेतं पालथी घालतात आणि एखाद्याला अँग्लो-सॅक्सन, म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या इथल्या लोकांचा, दागिना लागतो. नॉरफोकमधल्या विनफार्दिंगला २०१४ मध्ये एका विद्यार्थ्याला सातव्या शतकातल्या थडग्यात तामडे, म्हणजे लाल गार्नेट, जडवलेलं सोन्याचं पेंडंट मिळालं. त्याची किंमत १,४५,००० पौंड ठरली, आता ते नॉरिचच्या संग्रहालयात आहे. २०२२ मध्ये हारपोलला पुरातत्त्वज्ञांना निदान तीस पेंडंट-मण्यांचा अख्खा हार मिळाला. हे सगळं वाचत बसायची मला चटक. त्यामुळे २,१५० ऐकून ‘स्वस्त’ वाटलं. हो, वाटलं!

विकणाऱ्याने माझं आडनाव पाहून गळ टाकला: “हे गार्नेट तुमच्याच देशातून आलेत.” मेख अशी, की एवढं एकच वाक्य बिनबुडाचं नव्हतं. त्या काळच्या युरोपीय दागिन्यांतल्या तामड्यांच्या तपासण्या झाल्यात, त्यांतले बरेच भारत आणि श्रीलंकेतले निघाले. खऱ्या माहितीत खोटा माल गुंडाळला की आपल्यासारखी माणसं विरघळतात. कोणी विकताना तुमच्या मातीचं नाव काढलं, की पैशाचं पाकीट आधी आत ठेवा.

आता ती जागा, जिथे माझे डोळे उघडायला हवे होते. मी विचारलं, सोन्याची वस्तू आहे तर खजिन्याच्या कायद्याचं काय? त्याने कागद पाठवला, “एकटंच सापडलं, म्हणून कळवावं लागत नाही.” साफ खोटं. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट सांगतो की ३०० वर्षांहून जुनी आणि वजनात निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू एकटी असली तरी खजिनाच, आणि १४ दिवसांत कॉरोनरला (अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायची. ‘एकटं चालतं’ ही सवलत नाण्यांना. हे मला माहीत होतं! वर त्याच रात्री त्याने दुसरा कागद पाठवला: ‘संग्रहालयाला नको होतं म्हणून सापडणाऱ्याला परत दिलं.’ अरे, कळवलंच नव्हतंस तर संग्रहालयाने परत काय दिलं? दोन कागद, एकमेकांना खोटं पाडणारे, एकाच चॅटमध्ये, एकाखाली एक. मी दोन्हींना ‘लाइक’चा अंगठा देऊन ‘थँक्यू’ लिहिलं. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पण निव्वळ बावळट म्हणू नका. त्याने पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचा) नोंद क्रमांक दिला होता आणि तो खरा निघाला. नोंदीतला फोटोही हुबेहूब. फक्त नोंद दुसऱ्याच पेंडंटची, ह्याने त्याची नक्कल ओतून घेतलेली. नोंदीत वजन २.९ ग्रॅम, माझं भरलं ७ ग्रॅम. पैसे द्यायच्या आधी वस्तू काट्यावर ठेवलेला फोटो मागा. मागच्या बाजूचाही मागा. अस्सल कामात कडेची तार वेगळी वळून टाक्याने बसवलेली असते आणि खड्याखाली बारीक चौकड्यांचा सोन्याचा पत्रा असतो, त्यानेच तामडा आतून पेटतो. माझ्यात तार म्हणजे साच्यातला उंचवटा, आणि काचेखाली डिंक. लेस्टरच्या सोनारकाकांनी कसोटीवर घासायच्या आधीच मान हलवली.

मग सुरू झाली सरकारी वरात. पोलिसांची ऑनलाइन तक्रार: संदर्भ क्रमांक मिळाला, पुढे शांतता. फोन केला तर “हा दिवाणी वाद आहे.” समाजमाध्यमावर तक्रार केली तर “आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.” बँकेचं तर काय वर्णावं! ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनी परत द्यायचे, असा नियम आहे. माझ्या बँकेतला मुलगा म्हणतो, “वस्तू मागवलीत, वस्तू आली, मग फसवणूक कुठे?” म्हणजे रिकामा खोका आला असता तर मी सुखी! दिवाणी वाद त्या नियमात बसत नाही, म्हणून सगळ्यांना हाच शब्द लाडका. नकली नोंद, नकली पत्र, नकली माल, आणि वाद म्हणे दिवाणी. बँकेत विचारलं तर पोलिसांकडे जा, पोलिसांत विचारलं तर बँकेकडे.

१०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीला क्रेडिट कार्डाचं कायदेशीर संरक्षण असतं. म्हणून कार्ड न घेणाऱ्याशी व्यवहारच नको. भारतात भेट म्हणून न्यायचा बेत असेल तर अजून एक: इथल्या जमिनीत सापडलेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तो मला म्हणाला होता, “हँडबॅगेत टाका.”

बँकेचं अंतिम उत्तर आल्यावर सहा महिन्यांत ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याकडे, जाता येतं. तिथे कागद पाठवलेत. त्याच फोटोचं पेंडंट परवा नव्या नावाने १,९०० पौंडांना विक्रीला लागलं होतं. तुमच्यापैकी कोणी घेतलं असेल तर लाजेपोटी चॅट पुसू नका, मला कळवा. दोन-चार तक्रारी एकत्र गेल्या तर ‘दिवाणी’ म्हणणं त्यांना जरा जड जाईल.