जंगलातला रस्ता, कृष्णधवल रोल: लाल फिल्टर की पिवळा?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-हरसूलच्या जंगलाकडे कृष्णधवल रोल घेऊन निघालात आणि फिल्टर (लेन्सपुढे लावायची रंगीत काच) एकच परवडणार असेल, तर माझा अनुभव सांगतो. लाल (२५ नंबर) आणि पिवळा (८ नंबर) दोन्ही वापरून झालेत.

सुरुवात अर्थातच लालपासून. १९२७ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने योसेमिटीत हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून घेतला, मग शेवटची काचेची प्लेट लाल लावून. नाव झालं ते लालवाल्या काळ्याभोर आकाशाचं. हे वाचल्यावर पिवळा कोण घेतो? पण तिथे उघडा कडा होता आणि वर मोकळं निळं आकाश. ऑगस्टमध्ये पेठच्या वाटेवरच्या सावळघाटात आकाश म्हणजे सागाच्या पानांतून दिसणारी पांढरी फट. ती काळी कशी होणार?

लाल फिल्टर निळ्यासारखाच हिरवा प्रकाशही अडवतो, त्यामुळे साग, ऐन, बांबू सगळे एकाच काळ्या ढिगात जातात आणि ओला डांबरी रस्ता तेवढा चमकत राहतो. काहींना हेच आवडतं, त्यांच्याशी भांडण नाही. लालने धुकं कापतं म्हणतात. लांबच्या डोंगरांवरची निळसर धूसरता कापते खरी, पण घाटातलं धुकं पाण्याच्या थेंबांचं. त्याला लाल काय, पिवळा काय.

माझ्यापुरता निकाल मात्र ट्रायपॉडने लावला. लाल तीन स्टॉप प्रकाश खातो, पिवळा एक (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). झाडीखाली ४०० आयएसओच्या रोलवर, लेन्सचं छिद्र एफ ५.६ ला ठेवून, मला साधारण १/६० सेकंदाचा शटर मिळतो. पिवळ्याने १/३०, श्वास रोखून हातावर निभतं. लालने १/८, म्हणजे ट्रायपॉड आलाच. आणि तो लावायचा कुठे? रस्त्याचा फोटो मला मधोमध उभं राहूनच हवा असतो. पाय उघडून, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची तार) जोडून होईपर्यंत वळणावर हॉर्न. गुजरातकडे जाणारा ट्रक, मागोमाग एसटी. उचला, साईडपट्टीच्या चिखलात उभे राहा, परत या, परत जुळवा. एका सकाळी तीन तासांत सहा फोटो झाले. त्यातल्या चारांत बांबूचे शेंडे हललेले.

पिवळ्याचा दोषही सांगायला हवा: फरक फार थोडा पडतो. पान किंचित उजळतं, कोवळी पालवी जरा सुटी दिसते, बस. 'फिल्टर लावला होतास का?' असं मित्र विचारतात तेव्हा पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. (डिजिटलवाल्यांनी रॉ फाइल काढून घरी संगणकावर रंगांचे चॅनल फिरवावेत, त्यांना ही डोकेदुखीच नाही.)

लाल अजून विकलेला नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग झडतो, पळस फुलतो, वर स्वच्छ निळं आकाश असतं. तेव्हा पाचोळा आणि फुलं लालमधून सुरेख उजळतात, आणि उजेडही भरपूर असल्याने ट्रायपॉड घरीच राहतो. बाकी वर्षभर लेन्सवर पिवळाच, इतका की काढायचंही सुचत नाही. परवा भाचीच्या बारशाचा रोल धुऊन आला, तोही सगळा पिवळ्यातूनच.