डिजिटल स्टेथो: आवाज दणदणीत, बोंडं ढिली

माझ्या डिजिटल स्टेथोस्कोपच्या इअरटिप, म्हणजे कानात घालायची रबरी बोंडं, वॉरंटीत येत नाहीत. अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने हे इतक्या थंडपणे सांगितलं की मला आधी वाटलं, थट्टा करतोय. एक टिप मुळाशी चिरली होती, एवढंच. पण सुटी टिप ते देत नाहीत, म्हणजे अख्खा हेडसेट (कानात जाणाऱ्या नळ्यांचा भाग) बदला, आणि हेडसेटची किंमत म्हणाल तर तेवढ्यात एक चांगला साधा स्टेथो येतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे.

मी फिजिओथेरपीची इंटर्न, ड्युटी परळला, चेस्ट वॉर्ड आणि आयसीयू. दिवसभर पाठी ऐकायच्या, सिक्रीशन्स (छातीतला कफ) कुठे आहेत ते शोधायचं, चेस्ट फिजिओ द्यायची, म्हणजे पाठ थोपटून कफ मोकळा करायचा, मग परत ऐकायचं. ब्लूटूथ, मोड, बॅटरी वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. बॅटरी बरी आहे.

रबराच्या दोन बोंडांवरून एवढा त्रागा का, तर फुप्फुसाचा नॉर्मल आवाज, म्हणजे व्हेसिक्युलर, हा मुळात जाडसर आणि हळू असतो, पानांच्या सळसळीसारखा. टिप कानात घट्ट बसली नाही की फटीतून आधी हेच खालच्या पट्टीतले आवाज गळतात. शीळ घातल्यासारखा व्हीझ तरीही ऐकू येतो, म्हणून आपल्याला वाटतं स्टेथो ठीक आहे. आणि मग पेशंटच्या दोन्ही बेसना (फुप्फुसांच्या तळाला) 'एअर एंट्री कमी', म्हणजे हवा नीट पोचत नाही, असं आपण बिनधास्त लिहून मोकळे! बॉक्समध्ये दोन साइझ होते, दोन्ही माझ्या कानाला मोठे. एवढ्या पैशांत तिसरा साइझ टाकायला काय जात होतं? टिप पुढच्या बाजूला, नाकाच्या दिशेने वळलेल्या हव्यात, हेही मॅन्युअलमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात.

आता ज्यासाठी पैसे मोजले ते ॲम्प्लिफिकेशन, म्हणजे आवाज मोठा करणं. पहिले काही आठवडे मी भारावले होते. मग जनरल वॉर्डची गाठ पडली. पंखा, बाहेरचे हॉर्न, शेजारच्या खाटेवरच्या मावशींचा मोबाइल. नॉइज कॅन्सलेशन चालू असूनही थोडंफार आत येतंच. त्याहून वाईट म्हणजे चेस्टपीसखाली (छातीला लावायच्या चकतीखाली) घासणारी प्रत्येक गोष्ट. लालबागच्या एका काकांच्या छातीवर भरपूर केस, आणि यंत्रातून सगळीकडे क्रेप्स, म्हणजे फुप्फुसातला चरचर आवाज! सिस्टरने ओल्या कापसाने केस दाबून बसवले, डायफ्राम (चकतीचा पातळ पडदा) जरा दाबून धरायला सांगितलं, आणि क्रेप्स गायब. यंत्र केस आणि फुप्फुस दोन्ही सारख्याच इमानदारीने मोठं करतं. शर्टावरून ऐकायची सवय असेल तर हा स्टेथो अजिबात घेऊ नका.

तेव्हा हा विकायचं ठरवलं होतं. १८१६ मध्ये पॅरिसला स्टेथोचा जनक डॉक्टर लाएनेकने कागदाची गुंडाळी छातीला लावली, तिला ना चार्जिंग लागत होतं ना ॲप, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

मत बदललं ते रेकॉर्डिंगमुळे. ब्राँकियल ब्रीदिंग, म्हणजे न्यूमोनियासारख्यात फुप्फुस घट्ट झालं की येणारा श्वासाचा आवाज, मी पुस्तकात पाठ केलं होतं: पोकळ आवाज, श्वास सोडताना तेवढाच किंवा जास्त लांब, आणि श्वास घेणं-सोडणं या दोन्हींच्या मध्ये छोटी फट. कानाला ती फट पटकन कळत नाही. न्यूमोनियाच्या एका पेशंटचं, त्यांना विचारूनच, उजव्या बेसचं रेकॉर्डिंग घेतलं आणि फोनवर ग्राफ पाहिला. दोन टेकड्या आणि मध्ये सरळ रेघ. डावीकडे, नॉर्मल बाजूला, बघितलं तर श्वास घेतानाची मोठी टेकडी आणि तिलाच चिकटून सोडतानाची उतरती शेपटी, मध्ये जागाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तोच फरक माझ्या जुन्या साध्या स्टेथोतूनही ऐकू यायला लागला. याचे पैसे वसूल, हे कबूल.

खोकण्याआधी आणि खोकल्यानंतर, अशी दोन रेकॉर्डिंग घेणं हाही छान उपयोग. जाड, बुडबुड्यांसारखे क्रेप्स खोकल्यावर सरकतात किंवा जातात, तिथे आमचं काम. श्वास आत घेणं संपता संपता येणारे बारीक, वेल्क्रो उचकटल्यासारखे क्रेप्स खोकून हलत नाहीत. तिथे तासभर पाठ थोपटूनही काही निघणार नाही, डॉक्टरांना सांगायचं.

पण कुठे ठेवायचा आणि कसा श्वास घ्यायला लावायचा, हे यंत्र शिकवत नाही. "काका, नाकाने नको, तोंड उघडून मोठा श्वास", हे आपणच म्हणायचं. डावी-उजवी त्याच पातळीवर ताडून बघायची, काखेत ऐकायचं (उजवा मिडल लोब, म्हणजे उजव्या फुप्फुसाचा मधला भाग, पाठीवर शोधून सापडत नाही, तो पुढे आणि काखेत). आणि अस्थम्याच्या धापा टाकणाऱ्या पेशंटचा व्हीझ अचानक बंद झाला तर ॲपमध्ये रेघ स्वच्छ दिसेल, पण तो सुधारलेला नसतो. हवाच आत-बाहेर होत नसते. तिथे रेकॉर्डिंग करत उभं राहायचं नाही, आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) हाक मारायची.

टिपचं म्हणाल तर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका सर्जिकलच्या दुकानात दुसऱ्याच कुठल्या तरी बनावटीच्या मऊ, लहान टिप मिळाल्या, वडापाव आणि कटिंगच्या हिशेबात. खटकन बसल्या. कंपनीच्या टिपपेक्षा आवाज भरीव येतो, हे सर्व्हिस सेंटरच्या ईमेलमध्ये मी लिहून पाठवलंय. उत्तर नाही.

एकटीच्या पगारात घेऊ नका. चार-पाच इंटर्न मिळून एक घ्या, रेकॉर्डिंगसाठी ठेवा, रोजच्या राउंडला साधा वापरा. आणि दुकानात आधी टिप कानात घालून बघा. दुकानदार सील तोडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, त्या गल्लीत दुकानांना तोटा नाही.