मराठी विकिपीडिया : एका पुणेकर वाचकाचे परीक्षण

१ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया विनामूल्य आहे, त्यावर जाहिराती नाहीत, आणि प्रत्येक लेखात कोणी कधी काय बदलले हे ‘इतिहास पहा’ या दुव्यावर कोणालाही तपासता येते. एवढी पारदर्शकता छापील कोशांनाही कधी साधली नव्हती.

त्याची खरी उणीव चुकांत नसून गाळलेल्या विषयांत आहे. पुराव्याविना केलेल्या विधानाला ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते. परंतु जो लेख कोणी लिहिलाच नाही, त्याची उणीव वाचकाच्या लक्षातही येत नाही. उलट गावांवरील कित्येक लेखांत ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’ हे तेच मथळे आणि जवळजवळ तोच मजकूर आढळतो, त्यामुळे लेखसंख्या तेवढी फुगते.

स्वयंसेवक आपल्या आवडीचे लिहिणार, हे एक कारण झाले. दुसरे अधिक खोल आहे. विश्वासार्ह प्रकाशित संदर्भाची अट योग्यच आहे, पण ज्यांच्याविषयी छापले गेले नाही त्यांना ती आपोआप वगळते. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला, म्हणून आज त्यांच्यावर लेख लिहिता येतो, त्यांच्या बहुतेक सहाध्यायिनींच्या बाबतीत तो मार्गच बंद आहे. इंग्रजी आवृत्तीचीही या दोषातून सुटका नाही: डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये अपुऱ्या संदर्भांमुळे नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले.

मौखिक साक्ष संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग २०११ मध्ये हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांसाठी झाला होता. ओव्या आणि आठवणींतून इतिहास जपणाऱ्या मराठीत तो गांभीर्याने करून पाहावा. पुण्यात छापील साधनांचीही वानवा नाही. संपादनाच्या कार्यशाळा संगणक-कक्षाऐवजी जुन्या नियतकालिकांचे अंक असलेल्या ग्रंथालयांत भरवल्या, तर संदर्भ हाताशी राहतील. अर्थात त्या कपाटांत कोणाचे लेखन जपले गेले, हाही प्रश्न उरतोच.

पाचपैकी साडेतीन तारे. सनावळ्यांसाठी निःशंक आरंभ करावा; जात, धर्म किंवा इतिहासपुरुष यांवरील लेख मात्र संपादकांचे वाद जिथे नोंदलेले असतात ते ‘चर्चा’ पान उघडल्याशिवाय वाचू नये.