पद्मिनीचे ओरिजिनल पार्ट: लोखंड जुनं घ्या, रबर नवं घ्या

जुन्या गाडीला सगळं ओरिजिनलच हवं, हा आग्रह मला मनापासून पटतो. पण एक अख्खा पावसाळा गाडी चालवल्यावर माझं मत थोडं बदललंय: लोखंड, पितळ आणि काच मूळची हवी, रबर मात्र आजचं. आमची 1974 ची प्रीमियर पद्मिनी गेल्या दिवाळीपासून ठाण्यात रस्त्यावर आहे, त्यावरून हे लिहितोय.

रबराचं आधी सांगतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. कुर्ल्याला पीएएलचा, म्हणजे ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, छाप असलेली, सील न फोडलेली पाकिटं अजून हाती लागतात. त्यातलं ब्रेकच्या व्हील सिलिंडरचं किट आमच्या मिस्त्रींनी उघडलं, वॉशर बोटांत दुमडला आणि कडेला बारीक चिरा दिसल्या. पाकीट अस्सल, माल अस्सल, पण ब्रेकमध्ये घालण्याच्या लायकीचा नाही. रबर पाकिटातही म्हातारं होतं. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. एका वॉशरने दगा दिला की ब्रेक ऑइल ड्रममध्ये उतरतं. फ्युएल पंपाच्या डायफ्रामचंही तसंच. आता सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं. जुन्या साठ्यातला डायफ्राम काही आठवड्यांतच झिरपू लागला, तोही गरम इंजिनाच्या अंगाला. त्याजागी इथेनॉल सोसणारा नवा डायफ्राम घातला आणि पेट्रोलच्या नळ्या व्हायटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या केल्या. तेव्हापासून बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास नाही. दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टीही नवीनच घ्या, पावसात पायाखालचा पत्रा कोरडा राहिला.

लोखंडी मालाचा हिशोब उलटा आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. म्हणजे भंगारात येणारा टॅक्सीचा माल आता आटत जाणार. दाराच्या बिजागऱ्या, काच वर-खाली करायची मशीन, बंपर, हब दिसले की घेऊन ठेवा. आमच्या बिजागऱ्या टॅक्सीच्याच आहेत आणि दार आजही एका बोटाने बंद होतं. नव्या लोकल बिजागऱ्या आधी लावून पाहिल्या होत्या, त्यांच्यावर दार खाली लोंबायचं.

टॅक्सीच्या इंजिनाचं हेड किंवा कार्ब्युरेटर घेताना मात्र घाई नको. त्या गाड्या वर्षानुवर्षं सीएनजीवर धावल्या. गॅसवर व्हॉल्वच्या सीट लवकर झिजतात, म्हणून हेड उलटं करून सीट किती खोल गेल्यात ते पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. सोलेक्स कार्ब्युरेटर बाहेरून लखलखीत पुसून ठेवलेला असतो; थ्रॉटलचा शाफ्ट धरून हलवा. गॅसवरही थ्रॉटल फिरतच असतो, त्यामुळे शाफ्ट झिजतो आणि पेट्रोल न लागल्याने आतली गॅसकेट वाळतात. 1089 सीसीच्या इंजिनाला तिथून थोडी जरी हवा चोरून मिळाली, तरी आयडलिंग कधीच बसत नाही.

मॉडेलचं साल दुकानदाराला पहिल्या वाक्यात सांगा. आमच्या गाडीला डायनॅमो आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडगिअर आहे. नंतरच्या पद्मिनींचा कितीतरी माल त्यात बसत नाही. कुणी अ‍ॅम्बॅसेडरचा बोल्ट "चालून जाईल" म्हणत असेल तर तिथून निघा. पद्मिनी मूळची फियाटची, तिचे आटे मेट्रिक, अ‍ॅम्बॅसेडरचे इंची. पान्याने जोर लावून बसवलेला असा एक बोल्ट ब्लॉकचे आटे कायमचे खराब करतो.

जे कुठेच मिळत नाही ते करून घ्यायला मी कमीपणा मानत नाही. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश आम्ही वागळे इस्टेटमधल्या लेथवर जुन्या मापाचे पितळी करून घेतले. गायमुख घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग हलकं आणि सरळ आहे, फक्त ग्रीस वेळेवर भरावं लागतं.

कागदांचंही ध्यानात ठेवा. 50 वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, शुल्क 20,000 रुपये. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणून दुसरं इंजिन बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो नंबर घेतल्यावर रोजच्या वापरासाठी गाडी काढता येत नाही, त्यामुळे मी अजून अर्ज केलेला नाही. रविवारी सकाळी आईला कोपिनेश्वरच्या देवळात याच गाडीतून न्यायचं असतं.

मागच्या दिव्यांच्या मूळ काचा अजून मिळालेल्या नाहीत. बाजारातल्या नव्या काचांचा लाल रंग फिका आहे, म्हणून तडा गेलेल्या जुन्याच ठेवल्यात.