दात, नाक आणि दोन रिळं: ‘मायटी लाइक अ मूस’

मूकपटांतले विनोदवीर चॅप्लिन, कीटन बघून झाले असतील तर आता त्यांच्याच काळातल्या चार्ली चेसकडे वळा. निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओचा हा १९२६ चा दोन रिळांचा, म्हणजे वीसेक मिनिटांचा मूकपट, दिग्दर्शक लिओ मॅककॅरी. नवऱ्याचे दात पुढे, बायकोचं नाक अवाढव्य. दोघंही एकमेकांना चोरून ऑपरेशन करून घेतात, बाहेर समोरासमोर येतात, ओळखत नाहीत आणि चक्क लाइन मारू लागतात! गोष्ट अचाट, पण चेस ती सभ्य गृहस्थासारखी निभावतो, माकडचेष्टा नाहीत. कळस म्हणजे मारामारी: खोटे दात लावले की नवरा, काढले की प्रियकर, आणि हा पठ्ठ्या एकटाच स्वतःला बदडतो. मधली पार्टी जरा रेंगाळते.

प्रत मात्र पारखून घ्या. वीस मिनिटांहून बरीच छोटी असेल तर ती कापलेली किंवा जास्त वेगाने चालवलेली समजा. सगळी मजा टायमिंगची आहे. पात्रं तुरुतुरु पळायला लागली की मुसळ केरात. पडदा भरण्यासाठी चौकट वरून-खालून छाटलेली प्रतही नको, डोकी उडतात. मागे भलताच पियानो बडवलेला असेल तर खुशाल आवाज बंद करा.