मॅटप्लॉटलिबसोबत आठ महिने: काटोल बरोबर, मोर्शी चूक

ऑक्टोबरात आंबिया बहाराचा माल यायला लागला तेव्हापासून मी नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव रोज टिपून ठेवतो आणि आठवड्याला आलेख काढून शेतकरी गटाला छापून देतो. एक्सेलमध्ये दर वेळी तेच रंग, तीच मापं लावायचा कंटाळा आला म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीकडे (तयार कोडच्या संचाकडे) वळलो.

निम्म्या अडचणी माझ्याच होत्या, हे आधी सांगून टाकतो. पहिल्याच दिवशी सरावाच्या फाइलला 'मॅटप्लॉटलिब डॉट पीवाय' असं नाव दिलं. मग काय, इम्पोर्ट केलं, म्हणजे लायब्ररी मागवली, की पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी माझीच फाइल उचलायचा. पुढच्या आठवड्यात जतन केलेलं चित्र कोरं पांढरं. आलेख खिडकीत दाखवणारी 'शो' ही आज्ञा आधी आणि तो जतन करणारी 'सेव्हफिग' नंतर लिहिली होती. खिडकी बंद केली की आकृती गेली, आणि सेव्हफिगच्या हाती रिकामा कागद. दोन ओळींची अदलाबदल केली, झालं. कडेची नावं कापली जात होती, ती सेव्हफिगला 'बीबॉक्स इंचेस टाइट' सांगितल्यावर आत आली.

तारखांनी जरा घाम काढला. खालच्या अक्षावर तारखांऐवजी काळा पट्टाच दिसायचा, कारण तारखा मजकूर म्हणून गेल्या होत्या आणि मजकूर असला की प्रत्येक नोंदीची वेगळी खूण छापली जाते. पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतल्या 'टू डेटटाइम'ने त्यांना खऱ्या तारखा करा, आणि 'डेफर्स्ट' (दिवस आधी, महिना नंतर) ट्रू द्यायला विसरू नका. नाहीतर ३ नोव्हेंबरचा भाव ११ मार्चला जाऊन बसतो.

मे महिन्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवूनही रखडायचा. मी नागपूरच्या उन्हाला शिव्या देत होतो. खरं कारण असं की एका लूपमध्ये, म्हणजे तोच कोड पुन्हापुन्हा चालवून, छत्तीस आलेख काढत होतो आणि एकही बंद करत नव्हतो; सगळे मेमरीत साचत होते. २० च्या वर आकृत्या उघड्या राहिल्या की लायब्ररी इशारा देते. तो रोज येत होता, मी वाचत नव्हतो. जतन केल्यावर लगेच 'क्लोज', एवढाच उपाय.

आता खरी तक्रार: मराठी. मूळ फॉन्ट देजावू सान्समध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे सुरुवातीला नुसते चौकोन आले. नोटो सान्स देवनागरी टाकला तरी चौकोनच! फॉन्टची यादी लायब्ररी आधीच साठवून ठेवते, ती फाइल कॅशेतून (साठवणीच्या फोल्डरातून) उडवावी लागली. मग काटोल, नरखेड, सावनेर अशी गावांची नावं टाकून पाहिली. सुरेख. छापून दिलं.

गटातल्या एका काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "भाऊ, हे कोणतं गाव हाय?" ते मोर्शी होतं. र चा रफार व्हायच्या ऐवजी पाय मोडलेला र वेगळा उभा. कळमेश्वरमधला श्व फुटलेला. हिंगण्यात तर पहिली वेलांटी ह च्या मागे जाऊन ग ला चिकटलेली. माझ्याकडची मॅटप्लॉटलिबची ३.८ आवृत्ती अक्षरं टंकलेल्या क्रमाने एकामागे एक ठेवते. जोडाक्षर जुळवणं, वेलांटी पुढे आणणं तिला येत नाही. चाचणीला घेतलेल्या तिन्ही नावांत ना जोडाक्षर ना पहिली वेलांटी, म्हणून मी फसलो.

फॉन्ट बदलून हे सुटत नाही. मला जमलेला मार्ग असा: 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' या सेटिंगला 'नन' द्या आणि आलेख एसव्हीजी या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या चित्रप्रकारात जतन करा. मग अक्षरांची चित्रं न होता मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. तिथूनच प्रिंट काढतो. फॉन्ट मात्र त्या मशीनवर हवा. छपाईवाल्याकडे नुसती एसव्हीजी पाठवली तर नशिबावर. कोणती रेघ कशाची हे सांगणाऱ्या सूचीची चौकट थोडी रुंद येते, कारण तिची रुंदी फुटक्या अक्षरांवरून मोजलेली असते. ते मी सोडून दिलंय.

जॉन हंटर या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले संकेत पाहायला सुरू केलेली ही फुकट लायब्ररी आहे, संत्र्याच्या भावासाठी नव्हे. तरी सोडणार नाही. एकदा लिहिलेली फाइल दर सोमवारी दोन मिनिटांत छत्तीस आलेख देते, ते एक्सेलला माझ्या हातून कधी जमलं नाही. फक्त आता नवीन फॉन्ट आला की काटोल नाही, आधी मोर्शी टाकून बघतो.